कुरड्यांच्या दिवसांतला खटला

त्या पुस्तकाचं नाव मला आजही माहीत नाही. वाळवीलाही वाङ्मयाची चव असते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. तिनं मुखपृष्ठ खाल्लं होतं, लेखकाचं नाव खाल्लं होतं, पहिल्या प्रकरणाची सुरुवात खाल्ली होती, आणि अनुवादकाच्या बावीस पानी प्रस्तावनेला मात्र तोंडही लावलं नव्हतं. प्रस्तावनेवरून एवढं समजत होतं की ही कादंबरी आहे, कित्येक शतकांपूर्वीच्या काळातली आहे, आणि विलायतेतून जहाजानं अमेरिकेला जाऊन जंगल तोडून गाव वसवणाऱ्या प्युरिटन लोकांची आहे. अनुवादकानं त्यांना मराठीत 'शुद्धाचारी' म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी माझ्या मायनं त्याचा अर्थ लावला, 'म्हणजे सोवळंवाले', आणि तो अनुवादकाच्या बावीस पानांपेक्षा मला अजूनही पुरेसा वाटतो.

मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसले होते. आमचं घर रिसोडला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, वर टीन आणि मागं लिंबाचं झाड असलेलं. बाबा धान्यबाजारात मापारी होते. दिवसभर लोकांच्या ज्वारीतुरीचं माप करायचे आणि घरी येऊन कोणत्याही गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायचे नाहीत. गल्लीच्या टोकाला एकच दुमजली घर होतं, भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब मंदिराच्या समितीचे अध्यक्ष, शाळेच्या समितीचे अध्यक्ष आणि वाचनालयाचेही अध्यक्ष होते. ज्या समितीला खुर्ची होती तिचे ते अध्यक्ष असत, आणि खुर्ची नसली तर घरून पाठवत. वाचनालय म्हणजे एक खोली आणि दोन कपाटं. बाहेरच्या कोनशिलेवर आतल्या एखाद्या लहान पुस्तकाइतका मजकूर होता आणि त्यात भाऊसाहेबांचं नाव तीनदा होतं. ते पुस्तक त्या कपाटातलं. मी ते का उचललं? परीक्षा संपलेल्या मुलीला वाचायला काहीही चालतं, आणि बाकीची पुस्तकं प्रवचनांची होती.

बाबांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं. मधलं एक पान उघडून दोन ओळी वाचल्या, त्यात येशूचं नाव निघालं. 'हे कोनं देल्लं तुले?'

'वाचनालयातलं आहे, बाबा.'

'फुकट?'

'वाचनालय आहे ते.'

'फुकटात कोनी एवढं जाड पुस्तक देत नाही,' बाबा म्हणाले. 'पाह्य बा, शेवटी काही भरायला लावते का.' पुस्तक कोणत्यातरी मिशनऱ्यांनी पेरलं असावं, अशी शंका त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. पण वाचू नको, असंही म्हणाले नाहीत. शंका घेणं हा त्यांचा जोडधंदा होता. त्यात मनाई करण्याइतका वेळ उरत नसे.

ते दिवस कुरड्यांचे होते. आमच्याकडे उन्हाळ्याचं वाळवण एकट्यानं करत नसत. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, अशी चार-पाच घरच्या बायांची फेरी असायची. सकाळी ऊन तापायच्या आत चीक शिजवून अंगणात कुरड्या घालायच्या. तो गरम चीक वाटीत घेऊन त्यावर दूधसाखर घालून खायला आम्ही पहाटेपासून चुलीभोवती असायचो. दुपारी सावलीत पापड, शेवया, नाहीतर काडीवर पीठ गुंडाळून सरगुंडे. आंब्याच्या रसात बुडवलेले सरगुंडे मी पुढं मोठ्या शहरात वाढलेल्या एका बाईंना खाऊ घातले, तेव्हा त्यांनी 'हा पास्ताच आहे' असं सांगून माझं समाधान केलं. असो. दुपारच्या त्या बैठकीत हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी असत. दरवर्षी कोणीतरी पोथी वाचायचं. त्या वर्षी वाचणारी मीच, कारण गल्लीत न अडखळता वाचणारी आणि पापड जाड लाटणारी अशी मी एकटीच होते. पोथी चार दिवसांत संपली. मग नजमाखाला म्हणाल्या, 'बेटा, तो तुझा मोटा ग्रंथ हाये न, थेच वाच.'

नजमाखाला आमच्या शेजारच्या. त्यांच्या घरच्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पोथीच्या वेळी त्या लाट्या करायला यायच्या आणि पोथी आमच्या मायपेक्षा लक्ष देऊन ऐकायच्या. तर अशा रीतीनं प्युरिटनांचं आगमन आमच्या अंगणात झालं, आणि ते पोथीच्या आसनावर झालं. सुरू करण्याआधी बाया हात जोडायच्या. पहिल्या दिवशी वाचन संपल्यावर मायनं विचारलं, 'हे आयकल्यानं फळ काय भेटते?' मी म्हटलं, काही नाही, गोष्ट आहे. माय जरा नाराज झाली. एवढे लोक जंगल तोडून राहिले आणि ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही, हे तिला बरोबर वाटलं नाही.

पण गोष्टीनं त्यांना धरलं. त्या लोकांच्या प्रार्थनागृहात प्रवचन तासन्‌तास चालायचं, आणि एक माणूस लांब काठी घेऊन फिरायचा. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, तो पेंगणाऱ्या पुरुषाच्या टाळक्यावर. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचं शेपूट, ते पेंगणाऱ्या बाईच्या नाकाला. हे ऐकून नजमाखाला इतक्या हसल्या की लाट्यांचं ताट कलंडलं. 'शेपूट त हाये, पर काठी कोनाच्या हातात हाये थे सांग.' त्या लोकांना सण नव्हते. नाताळसुद्धा त्यांनी बंद केला होता. 'मंग पोळ्या कवा करत?' मायनं विचारलं. रंगीत लुगडं नाही, गाणं नाही, पत्ते नाहीत, आणि शेजारच्या घरात काय चाललंय याच्यावर प्रत्येकाची नजर. 'एवढं काय पाह्यत असतीन बाप्पा लोकाच्या घरात,' माय म्हणाली, आणि भाऊसाहेबांच्या फाटकात कोणाची सायकल लागली ते पाहायला मान उंच करून पुन्हा पापडाकडे वळली.

अडचण नावांची होती. कादंबरीतल्या बायांची नावं पेशन्स, प्रूडन्स अशी. खाली टीप, की पेशन्स म्हणजे धीर आणि प्रूडन्स म्हणजे शहाणपण. बायांना ती नावं धरून ठेवता येईनात. 'थे धीरवाली का शहाणपनवाली?' असं दर पानाला विचारू लागल्या. पोथीच्या वेळी आमच्याकडे एक जुनी रीत होती. ऋषी, राजे, राण्या फार झाल्या की ओळखीसाठी त्यांना गल्लीतली नावं द्यायची. कोपिष्ट ऋषी म्हणजे पोस्टमास्तर, नावडती राणी म्हणजे अमकीची जाऊ. तेच इथं झालं. धर्मगुरू उंच, गंभीर, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारा. सगळ्या एकदम म्हणाल्या, भाऊसाहेब. आणि पेशन्स, जी गावातली बाळंतपणं करायची, जडीबुटी जाणायची, विधवा होती आणि कोणापुढं वाकायची नाही, ती अर्थातच यमुनाबाय.

यमुनाबाय आमच्या गल्लीतल्या बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊ घालायची. पन्नाशीची, सडपातळ, हाताची बोटं मात्र पुरुषासारखी रुंद. पाटावर पाय लांब करून बसायची, पायांवर लेकरू पालथं घ्यायची आणि तेल-हळदीनं असं चोळायची की लेकरू रडायचं विसरून जायचं. मग ओव्याची धुरी, मग टाळू भरणं. सव्वा महिन्यानं ज्वारी आणि लुगडं घेऊन मोकळी. मलाही तिनंच न्हाऊ घातलं होतं. दुपारी ती झोपायची, म्हणून आमच्या बैठकीत नसायची. तिचं नाव पुस्तकात घातल्याचं तिला आम्ही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं कोणाला वाटलंच नाही.

मीही मग वाचताना सरळ तीच नावं घेऊ लागले. सोपं पडायचं, आणि बायांच्या चेहऱ्यावर गोष्ट लगेच उमटायची. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटत होती. पंधरा वर्षांच्या मुलीला सगळी गल्ली आपल्या हातात आहे असं वाटायला लावणारे दिवस पुन्हा येत नाहीत.

आमच्या मागच्या अंगणाची एक भिंत भाऊसाहेबांच्या घराला लागून होती. त्यांच्या पत्नीला सगळे बाईसाहेब म्हणत. त्या वाळवणाच्या फेरीत नसत, त्यांचे पापड रोजानं लावलेली बाई लाटायची. पण दुपारी त्यांची वेताची खुर्ची भिंतीपलीकडे यायची, तिचा करकर आवाज आम्हाला ऐकू येई. एकदा शेपटाच्या गोष्टीला पलीकडूनही हसू आलं आणि लगेच खोकल्यात बुडालं. आमच्या बाया एकमेकींकडे पाहून डोळे मिचकावू लागल्या. मी काय केलं? मी आवाज चढवला.

पेशन्सवर खटला चालतो ते प्रकरण आलं. एका घरचं तान्हं लेकरू सुकत जातं, दूध ओढत नाही. कोणीतरी म्हणतं, त्याला पहिला हात पेशन्सनं लावला होता. दुसरी म्हणते, मी तिला आमच्या गोठ्यात उभी पाहिली. पण त्या वेळी ती दुसऱ्या घरी बाळंतपण करत होती, याला साक्षीदार आहेत. तर सभा म्हणते, याचाच अर्थ ती एका वेळी दोन ठिकाणी असते. हे मी माझ्या सगळ्यात चांगल्या आवाजात वाचलं. 'भाऊसाहेबांनी यमुनाबायला सभेपुढे उभं केलं आणि विचारलं, त्या लेकराला तू काय केलंस?' बाया लाटणं थांबवून ऐकत होत्या. पलीकडची खुर्ची करकरायची थांबली होती.

बाईसाहेबांच्या घरी तेव्हा वीस दिवसांचा नातू होता. त्याला यमुनाबाय न्हाऊ घालायची, आणि दोन दिवसांपासून तो नीट दूध ओढत नव्हता.

बाईसाहेबांना भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं ते तुटक असायचं. मध्येच त्यांना आतून हाक यायची. त्यांनी जेवढं ऐकलं त्यावरून त्यांना दिसलं ते एवढं, की यमुनाबायच्या हातानं एक लेकरू गेलंय, गल्लीला ते माहीत आहे, आपल्या यजमानांनी तिला बोलावून विचारलंसुद्धा आहे, आणि घरात सांगितलेलं नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं. आता इथं भाऊसाहेबांचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागेल. आपण एखाद्या सभेचं अध्यक्षस्थान भूषवलं असं कोणी म्हणत असेल, तर ती सभा झालीच नाही असं सांगणं त्यांना जमत नसे. ते खाकरले आणि म्हणाले, 'त्या गोष्टी घरात बोलायच्या नसतात.' दुसऱ्या दिवशी देवळात कोणी विचारलं तर म्हणाले, 'चौकशी चालू आहे.'

तीन दिवसांत यमुनाबायचं काम बंद झालं. भाऊसाहेबांकडून निरोप आला, येऊ नको. मग आणखी एका घरानं लेकराला सर्दी आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरी तर बाळंतीण रातोरात मामाकडे गेल्याचं कळलं, आणि तिच्या लेकराची टकुची, कापडाची टोपडी, मात्र दोरीवर वाळत होती. लोक वाईट नव्हते. यमुनाबाय समोरून आली की 'काय वं यमुना, बरी हायस न?' असं जास्तच गोड विचारायचे, आणि लेकरू पदराखाली घ्यायचे. आता गल्लीचा मोबाइलवर एक गट आहे. त्यात कोणाच्या तरी मुलाला पळवणाऱ्या बाईचा फोटो महिन्यातून एकदा येतो आणि खाली हात जोडलेली चित्रं येतात. मला त्या गटात घातलंय. तो फोटो आला की मला ती वाळणारी टकुची आठवते.

यमुनाबाय दुपारी आमच्याकडे आली ती ओट्याच्या पायरीशीच उभी राहिली. एरवी सरळ चुलीपर्यंत यायची. 'वयनी,' ती मायला म्हणाली, 'तीन घरचे लेकरं व्हते माह्याकडं, आता एकबी नाही. मी काय केलं थे तरी सांगा. इथूनच काहीतरी निंगालं म्हन्तेत.'

माय पापडाकडे पाहत राहिली. नजमाखालांनी बस म्हटलं, पण ती बसली नाही. मी उठून पुस्तक दाखवलं आणि सगळं सांगितलं. नावं कशी घातली, का घातली, पेशन्स कोण. शेवटी ती म्हणाली, 'मंग हे भाऊसाहेबाले जाऊन सांग न, बाई.'

मी गेले. भाऊसाहेबांच्या बैठकीत खुर्च्या भिंतीला लावून मांडलेल्या होत्या, कधीही सभा भरावी अशा. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी पुस्तक मागितलं आणि चष्मा लावला.

'यात मी कुठं आहे?'

'तुम्ही धर्मगुरू.'

ते क्षणभर खूश झाल्याचं मला स्पष्ट दिसलं. 'लोकांनीच ठरवलं?'

'हो.'

'बरं. आणि यमुना कुठं आहे?'

'हे, इथं. पेशन्स.'

त्यांनी ते पान वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं. अध्यक्ष असल्यापासून त्यांनी वाचनालयाचं एखादं पुस्तक इतकं वाचल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं. मग चष्मा काढला. 'यात यमुनेचं नाव नाही.'

'नाहीच. ते आम्ही घातलं.'

'म्हणजे पुस्तकात जे नाही ते तू लोकांना सांगत होतीस.'

'गोष्ट समजायला, भाऊसाहेब.'

'गावात शंभर बाया आहेत,' ते हळूच म्हणाले, 'मग नेमकं यमुनेचंच नाव तुम्हाला का सुचलं?'

'जसं धर्मगुरू म्हणून तुमचंच सुचलं तसं' हे उत्तर मला कितीतरी वर्षांनी सुचलं, आणि तेव्हा ऐकायला भाऊसाहेब नव्हते. 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही, बाळ,' म्हणून त्यांनी पुस्तक आपल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मी निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून नेलेलं पुस्तक त्यांच्याकडे गुन्ह्याचा पुरावा म्हणून राहिलं.

दोन दिवसांनी त्यांनी नातवाला वाशिमला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं लेकराचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवर पांढरा थर होता, म्हणून त्याला तोंड चालवता येत नव्हतं. जांभळं औषध लावायला दिलं आणि तिसऱ्या दिवशी पोर घटाघटा दूध प्यायलं. मी म्हटलं, सुटलो. पण भाऊसाहेबांनी देवळात सांगितलं, 'पुस्तक कुलपात ठेवलं त्याच्या पाचव्या दिवशी गुण आला.' लोकांना डॉक्टरपेक्षा ते पटलं. डॉक्टर वाशिमचा होता आणि कुलूप सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी यमुनाबायच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी झालं ते सांगितलं, जांभळ्या औषधाचंही सांगितलं. ती म्हणाली, 'म्या पहिल्याच दिवशी सांगतलं व्हतं त्याच्या मायले, लेकराची जीभ पाह्य. पन सासूपुढं कोन बोलन?' मग निवडता निवडता तिनं विचारलं, 'त्या बाईचं काय झालं?'

'कोणत्या?'

'माह्या नावाची. पुस्तकातली.'

मी शेवटपर्यंत वाचलेलं होतं. म्हटलं, 'सोडून दिलं तिला. चूक कळली लोकांना.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई. तिचा माझ्या चेहऱ्याचा अभ्यास माझ्यापेक्षा जुना होता. 'शालू, खोटं नको बोलू बाई.'

'फाशी दिली.'

तिनं आणखी एक मूठ तांदूळ पुढं ओढले. 'आन थे लेकरू?'

'कोणतं लेकरू?'

'जे सुकून राह्यलं व्हतं. थे जगलं का?'

मी आठवायचा प्रयत्न केला. खटला चालू झाल्यावर लेकरू पुस्तकातून नाहीसं झालं होतं. लेखकानं त्याचं पुढं काही लिहिलं नव्हतं, अनुवादकालाही ते जाणवलं नव्हतं, आणि आमच्या अंगणातल्या पाच बायांपैकी, ज्यांनी मिळून वीसेक लेकरं वाढवली होती, एकीनंही विचारलं नव्हतं. 'लिहिलेलं नाही,' मी म्हटलं.

'पाह्य,' ती म्हणाली, आणि खडा काढून बाहेर टाकला.

त्यानंतर मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या, त्या लोकांच्याही वाचल्या. काळे कपडे, बर्फ, प्रार्थनागृह, बोट दाखवणारी मुलगी. बहुतेक चांगल्या आहेत. पण वाचताना मी अजूनही त्या लेकराचं काय झालं ते शोधते, आणि बहुधा सापडत नाही.

त्याच महिन्यात माझी मोठी बहीण बाळंतपणाला आली. तिला जऊळक्याला दिलं होतं. दवाखान्यात मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी घरी आणली. मायनं बाजाराकडच्या एका बाईला न्हाऊ घालायला सांगून ठेवलं होतं. ताईला ते कळलं तेव्हा ती बाजेवर पडून होती.

'काहून? यमुनाबाय कुठं गेली?'

'हाये इथंच,' माय म्हणाली.

'मंग?'

'राहू दे वं आता. थे लोकं बोलून राह्यले न.'

'माय, तू त सारं आयकलं. पुस्तकातली बाई हाये थे. तूच म्हने नाव देल्लं तिले.'

'मले मालूम हाये पुस्तकातलं हाये,' माय म्हणाली. ती उशीची खोळ नीट करत होती, नीट असलेलीच. 'पन त्याच घरचं लेकरू बिमार कसं काय पडलं, थे सांग. आमी वाचलं, आन तसंच झालं.'

'थे आधीच बिमार व्हतं.'

'असन,' माय म्हणाली. 'पन कायले एवढ्यासाठी लेकराचा जीव धोक्यात घालायचा?'

मी दाराशी उभी होते. मला भाऊसाहेबांचा राग आला नव्हता इतका त्या वेळी मायचा आला. भाऊसाहेबांपर्यंत भिंतीपलीकडून आलेलं तुटकच पोचलं होतं. मायनं पहिल्या पानापासून, समोर बसून, हात जोडून ऐकलं होतं. त्या सोवळ्या लोकांना तिनं तोंडभरून नावं ठेवली होती. पण राग यायला मला तरी काय तोंड होतं? ते नाव वाचलं तर मीच होतं, आवाज चढवून.

ताई हट्टी होती. 'माह्या पोरीले यमुनाबायच आंघोय घालन. नाही त मी उद्याच जऊळक्याले जाते.' पाच दिवसांची ओली बाळंतीण माहेरून परत गेली, असं गल्लीत झालं असतं तर मायला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. लोकांच्या भीतीवर लोकांच्याच भीतीचा उतारा पडला. माय मला म्हणाली, 'जाय, बोलावून आन.'

यमुनाबाय आली. पाटावर पाय लांब करून बसली आणि हात पुढं केले. माय लेकरू छातीशी घेऊन उभी होती. 'द्या,' यमुनाबाय म्हणाली. मायनं पाण्यात बोट घालून पाहिलं, तेलाची वाटी सरकवली, पुन्हा बोट घालून पाहिलं. मग दिलं. आणि दिल्याबरोबर समोर पाट घेऊन बसली, हातभर अंतरावर, आणि यमुनाबायच्या बोटांवरून डोळे काढले नाहीत.

हे सव्वा महिना चाललं. रोज सकाळी माय तशीच बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, मालीश शिकून राहिले. चार लेकरं वाढवलेली बाई मालीश शिकत होती. आमच्याकडे यमुनाबाय येते हे पाहून हळूहळू एका घरानं बोलावलं, मग दुसऱ्यानं. भाऊसाहेबांकडून बोलावणं आलं नाही, पण त्यांनी चौकशी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. निष्कर्ष काय निघाला, ते कोणी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मायनं ज्वारी आणि हिरवं लुगडं सुपात काढून ठेवलं. यमुनाबाय आली, पण पाटावर बसली नाही. ती मायच्या रोजच्या जागी बसली, हातभर अंतरावर. 'आज तुमी घाला, वयनी,' ती म्हणाली. 'चाळीस दिस पाह्यलं तुमी. शिकल्या असान.'

माय हसली. मग तिला कळलं की यमुनाबाय हसत नाही. ताई बाजेवर उठून बसली होती. माय पाय लांब करून बसली, लेकरू पायांवर घेतलं, तेल लावलं. यमुनाबाय पाहत होती. रागानं नाही, फक्त पाहत होती, बोटांकडे, एकदाही पापणी न हलवता. मायनं पाणी घेतलं. तांब्या तिरका झाला, पाणी लेकराच्या नाकात गेलं आणि सव्वा महिन्यात त्या पाटावर कधी न रडलेली पोर टाहो फोडून रडायला लागली. मायनं तिला घाईनं सरळ केलं, साबण निसटला, तो शोधताना पुन्हा तांब्याला हात लागला.

'तू अशी पाहू नको न वं यमुना,' माय म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. 'हात चालत नाहीत माहे.'

'बरं,' यमुनाबाय म्हणाली.

आणि ती वळून दाराकडे तोंड करून बसली. न्हाणं संपेपर्यंत तिची आमच्याकडे पाठ होती.